रोहिणीतील विलेपी आणि मुखत्याराची साक्ष

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मामलेदार आहेत. सारी हयात सात-बाराचे उतारे, फेरफार आणि पंचनामे यांच्या सहवासात गेल्यामुळे म्हणा, कागदावर आकडा उमटल्याखेरीज कशावरही विश्वास ठेवायचा नाही असा त्यांचा स्वभाव बनून गेला आहे, त्यामुळे छातीत कळ येऊन त्यांची अँजिओग्राफी झाली, तेव्हा टेबलावरून उतरण्यापूर्वीच त्यांनी डॉक्टरांना प्रश्न केला तो "किती टक्के?" हाच. एका रोहिणीत सत्तर टक्के आणि दुसरीत चाळीस टक्के ब्लॉकेज, असे उत्तर मिळाले. सत्तर टक्क्यांच्या जागी स्टेंट बसला, चाळीस टक्के दप्तरी दाखल झाले, आणि सात-आठ महिन्यांनी साहेबांना जो झटका आला तो नेमका त्या दप्तरी दाखल झालेल्या जागीच आला. ते बरे होऊन घरी परतल्यावर आम्ही भेटावयास गेलो, तो प्रकृतीपेक्षा हिशेबातली ही तफावतच त्यांच्या मनाला अधिक लागून राहिलेली दिसली. "सत्तराने काही केले नाही आणि चाळिसाने घात केला, हे कोणत्या कलमाखाली बसते?" असा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त होता. एवढेच की तो पुष्कळ जुना आहे आणि त्याच्या उत्तराच्या शोधात वैद्यकशास्त्राचे बरेच पैसे व बराच अहंकार खर्ची पडला आहे. रोहिणी, म्हणजे वर्तमानपत्री मराठीत जिला धमनी म्हणतात ती, अँजिओग्राफीत दिसते असे आपण म्हणतो खरे. पण वस्तुतः तीत रोहिणी दिसतच नाही, दिसतो तो तिच्यातून वाहणाऱ्या रंगीत द्रवाचा ओघ, आणि पाण्याची रुंदी मोजून घाटाची भिंत आतून पोखरली गेली आहे की शाबूत आहे हे जसे समजत नाही, तसेच या टक्क्यांवरून रोहिणीच्या भित्तीत काय शिजत आहे याचा पत्ता लागत नाही. शिजत आहे हा शब्द आम्ही मुद्दाम योजला. भित्तीच्या आतल्या पदरात कोलेस्टेरॉलयुक्त मेद साचतो, तो गिळण्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे शिरतात, अधाशीपणाने फुगतात, जागीच मरतात, आणि मेद व मृत पेशी मिळून एक लिबलिबीत लगदा तयार होतो. ग्रीक भाषेत पेजेला 'अथेरे' म्हणतात; फेलिक्स मार्शांड या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ साली त्या शब्दाला काठिण्यवाचक शब्द जोडून या विकाराचे आजचे पाश्चात्त्य नाव घडविले. आपल्या परिभाषाकारांनी या लगद्याच्या थराला 'विलेपी' हा शब्द योजला, आणि आयुर्वेदातील मंड, पेया, विलेपी, यवागू ही पातळ-घट्ट पेजेची परंपरा ज्याला ठाऊक आहे त्याला या निवडीचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. दवाखान्यात मात्र सर्वजण 'प्लाक' असेच म्हणतात.

पेज निवू लागली की तिच्यावर साय धरते, तशी या विलेपीवरही तंतूंची एक साय धरते. रोहिणीच्या स्नायुपेशी कोलॅजनचे तंतू विणून तिला रक्तप्रवाहापासून झाकून ठेवतात, आणि साय जाड असेल तर चाळीस काय, सत्तर टक्क्यांची विलेपीदेखील वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहते. परंतु दाहामुळे जमलेल्या पेशी तंतू कुरतडणारी विकरे सोडू लागल्या आणि साय झिजत गेली, की एखाद्या पहाटे, एखाद्या संतापाच्या क्षणी, किंवा काहीच न घडता ती फाटते. आतला लगदा रक्ताला भिडतो, रक्त त्याला जखम समजून गोठते, आणि ज्या रोहिणीतून काल संध्याकाळपर्यंत सुखाने रक्त वाहत होते ती काही मिनिटांत बंद होते. ही साय किती पातळ असावी? रेणू विरमानी या भारतीय वंशाच्या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी आकस्मिक मृत्यू पावलेल्यांच्या रोहिण्यांचे काप तपासून १९९७ साली जे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात फाटलेल्या सायींची सरासरी जाडी २३ मायक्रॉन भरली, आणि शंभरांतल्या पंचाण्णव सायी ६५ मायक्रॉनहून पातळ निघाल्या. माणसाचा केसही बहुधा याहून जाड असतो.

फाटलेली विलेपी प्रथम कोणाच्या हृदयात दिसली, याची हकीकत मोठी चटका लावणारी आहे. डेन्मार्कचा थोर शिल्पकार बर्टेल थोरवाल्डसन २४ मार्च १८४४ रोजी कोपनहेगनच्या राजनाट्यगृहात जाऊन बसला आणि बसल्या जागी गतप्राण झाला. त्याच्या शवचिकित्सेच्या टिपणात हृदयाच्या रोहिणीतील एका विलेपीला क्षत पडून तिच्यातला पेजेसारखा ऐवज नळीत सांडला होता, अशी नोंद आहे. ही नोंद शतकभर कोणाच्या फारशी खिजगणतीत नव्हती. पुढे १९६६ साली पॅरिस कॉन्स्टँटिनिडिस याने गुठळीने बंद झालेल्या रोहिण्यांचे ओळीने बारीक काप घेऊन गुठळीखाली भेग असते हे दाखविले, आणि १९८९ साली जेम्स मुलर व सहकाऱ्यांनी अशा फाटण्याच्या बेतास आलेल्या विलेपीसाठी 'भेद्य' या अर्थाचे विशेषण रूढ केले. तेव्हापासून प्रश्नाचे स्वरूपच पालटले. नळी रुंद कशी करावी हा नळकाम करणाऱ्याचा प्रश्न मागे पडून, साय जाड कशी करावी हा प्रश्न पुढे आला.

गंमत अशी की उत्तर प्रश्नाच्या आधीच शिजत ठेवलेले होते, तेही खऱ्या अर्थाने तांदळात. जपानच्या आकिता प्रांतात शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या आकिरा एन्दो याला बुरशीचे वेड लहानपणापासूनचे. टोकिओतील सांक्यो कंपनीत काम करताना कोलेस्टेरॉलची घडण अडविणाऱ्या द्रव्याच्या शोधात त्याने हजारो बुरशींचा रस गाळून पाहिला, आणि १९७३ साली क्योतोतील एका धान्याच्या दुकानातील तांदळावर आलेल्या निळसर बुरशीत त्याला ते गवसले. उंदरांवर त्याचा काही परिणाम दिसेना, तेव्हा कंपनीने प्रकरण जवळजवळ बंद केले होते. पण अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असणार हा साधा विचार कामी आला व कोंबड्यांनी औषधाची लाज राखली. माणसाला ते कोणी व केव्हा द्यावयाचे, हा पेच ओसाकाच्या डॉ. आकिरा यामामोतो यांनी १९७८ च्या फेब्रुवारीत सोडविला. त्यांच्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी होती. आईबाप दोघांकडून आलेल्या दोषामुळे तिच्या रक्तातील कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात गेलेले, आणि हाती दुसरे औषध नाही. दिवसाला ५०० मिलिग्रॅम अशी मात्रा सुरू झाली. कोलेस्टेरॉल उतरले, पण दोनेक आठवड्यांत मुलीच्या स्नायूंतली शक्ती जाऊ लागली, आणि डॉक्टरांना औषध थांबवावे लागले. पुढे मात्रा कमी करून ते पुन्हा दिले गेले, इतर रुग्णांनाही दिले गेले, आणि त्या धडपडीतूनच आज घरोघरी रात्रीच्या जेवणानंतर घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीची वाट मोकळी झाली. त्या मुलीच्या दुखणाऱ्या मांड्या आम्हांला या साऱ्या इतिहासात आकड्यांपेक्षा जवळच्या वाटतात.

साय जाड होते याचा पहिला संशय मात्र निराळ्याच वाटेने आला. सिएटल येथे ग्रेग ब्राउन यांनी १४६ पुरुषांची एक चाचणी अडीच वर्षे चालविली व १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींना नेहमीचे उपचार, काहींना लोव्हास्टॅटिन व कोलेस्टिपॉल, काहींना नायसिन व कोलेस्टिपॉल, अशी विभागणी होती, आणि आरंभी व अखेरीस अँजिओग्राफी करून टक्के ताडून पाहावयाचे होते. टक्क्यांतला फरक इतका क्षुल्लक निघाला की आमच्या मामलेदारांनी तो खाडाखोड समजून सोडून दिला असता. दोन-तीन टक्क्यांच्या आत सारा मामला. पण मृत्यू, झटका, किंवा दुखणे बळावून करावी लागलेली शस्त्रक्रिया या घटना मोजल्या, तेव्हा नेहमीच्या उपचारांवरील ५२ जणांत अशा १० निघाल्या, आणि औषधांच्या दोन गटांत ४६ पैकी ३ व ४८ पैकी २. नळी जवळजवळ तेवढीच अरुंद राहिली आणि माणसे मात्र वाचली. याचा अर्थ लावताना ब्राउन व त्यांचे सहकारी या निष्कर्षाला पोचले, की औषधाने विलेपीतला मेद काढून घेऊन तिला फाटण्यापासून परावृत्त केले असावे. चार वर्षांनी स्कँडिनेव्हियातील ४,४४४ रुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यूच २५६ वरून १८२ वर आणले, आणि स्टॅटिनपुरता फैसला झाला.

येथवरची कथा सुखान्त आहे. आमचा खरा विषय येथून पुढे सुरू होतो. स्टॅटिन घेऊनही झटके येतच राहिले, म्हणून साय बळकट करणारी नवी औषधे शोधण्याची धांदल उडाली. पण सायीचे औषध माणसांत काम करते हे सिद्ध करावयाचे म्हणजे पंधरा-पंधरा हजार माणसे चार-चार वर्षे सांभाळावी लागतात, आणि एवढा खर्च करण्यापूर्वी औषधात काही अर्थ आहे की नाही हे थोड्या माणसांत, थोड्या काळात अजमावून पाहावे, असे कोणत्याही शहाण्या कंपनीला वाटणारच. पहिल्या पायरीवर निरोगी माणसांत औषध सोसते का हे पाहतात. दुसऱ्या पायरीवर शेदोनशे रुग्ण घेऊन, रोहिणीत ध्वनिलहरींची अथवा प्रकाशाची सूक्ष्म नळी सरकवून, विलेपी किती घनफळाची, तिचा मृत लगदा केवढा, साय किती मायक्रॉनची, हे सारे मोजतात. मोजावयाचा असतो मृत्यू आणि झटका. मोजली जाते साय. मामलेदारसाहेबांना आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा ते एकदम खुलले. "म्हणजे खातेदार गैरहजर, आणि मुखत्यार सही करतो!" ते म्हणाले. "मुखत्यारपत्र पक्के असेल तर हरकत नाही, पण आमच्या कचेरीत निम्मी भांडणे बनावट मुखत्यारपत्राचीच असत." या क्षेत्रातली बरीचशी कागदपत्रे चाळल्यानंतर आमचेही मत याहून फारसे निराळे नाही.

अशा मुखत्यारीचे एक उदाहरण घ्या. इटलीत गार्दा सरोवराच्या पश्चिम काठावर लिमोने नावाचे गाव आहे. १९३० च्या सुमारास सडक होईपर्यंत तेथे होडीने किंवा डोंगरवाटेनेच जावे लागे, त्यामुळे गावातली रक्ताची नाती गावातच फिरत राहिली. या गावचा एक इसम, रेल्वेत नोकरीला, मिलानमध्ये डॉक्टर चेझारे सिरतोरी यांच्याकडे आला. त्याचे रक्त पाहता चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल अगदी खाली, चरबी वर, आणि हृदय मात्र ठणठणीत. गावच्या जवळजवळ सर्व रहिवाशांचे रक्त घेण्यात आले आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका प्रथिनात एकाच ठिकाणी झालेला बदल चाळीसेक जणांत सापडला. वंशावळ उकलली ती अठराव्या शतकातील एका दांपत्यापर्यंत जाऊन थांबली. हे 'मिलानो' प्रथिन कृत्रिम रीतीने तयार करून क्लीव्हलँडचे स्टीव्हन निसेन यांनी नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आठवड्यास एक याप्रमाणे पाच वेळा शिरेवाटे दिले. अखेरपर्यंत टिकले ४७ जण. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांच्या विलेपीचे प्रमाण पाच आठवड्यांत १.०६ टक्क्याने घटले होते. रोहिणीच्या नळाला तुंबलेले मोकळे करणारा 'ड्रेनो' सापडला, अशा थाटात जगभर गाजावाजा झाला. फायझर कंपनीने हे औषध बाळगणारी छोटी कंपनी १३० कोटी डॉलरला विकत घेतली. आणि २०१६ साली त्याच प्रथिनाची नवी बनावट, स्टॅटिन घेत असलेल्या रुग्णांत पुन्हा तपासली गेली तेव्हा औषध आणि नुसते पाणी यांत फरक दिसेना. सत्तेचाळीस माणसांच्या रोहिण्यांनी दिलेली साक्ष उलटतपासणीत टिकली नाही.

परंतु मुखत्याराचा खरा इतिहास डाराप्लॅडिब या औषधाचा आहे, आणि तो सावकाश सांगण्याजोगा आहे. विलेपीतील दाहपेशी एक विकर सोडतात. ते विकर बिघडलेल्या मेदातून आणखी विषारी तुकडे पाडते व लगदा वाढविते, अशी समजूत होती. ते विकर अडविणारे डाराप्लॅडिब मधुमेही डुकरांना दिले असता त्यांच्या रोहिण्यांतला मृत लगदा खरोखरच लहान राहिला. मग ३३० माणसांची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००८ साली आले. या चाचणीची जी मुख्य मोजमापे आधी जाहीर केली होती, म्हणजे विलेपीचे दबणे आणि रक्तातील दाहाचे प्रमाण, त्या दोहोंत काहीच फरक पडला नाही. मात्र दुय्यम मोजमापात असे दिसले, की औषधाविना साध्या गोळीच्या गटात बारा महिन्यांत मृत लगदा सरासरी साडेचार घन मिलिमीटरने वाढला आणि औषधाच्या गटात तो वाढावयाचा थांबला. मुख्य साक्षीदार नाकबूल गेला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मान डोलावली, एवढाच याचा अर्थ. पण एवढ्यावर औषध पुढच्या पायरीवर चढविण्यात आले.

पुढच्या पायरीचे नाव होते 'स्टॅबिलिटी', म्हणजे स्थैर्य. एकोणचाळीस देश, १५,८२८ रुग्ण, सुमारे पावणेचार वर्षे. गोळीने पुष्कळांना जुलाब झाले, आणि काहींच्या अंगाला, मलमूत्राला चमत्कारिक दुर्गंधी येऊ लागली; म्हणजे आपल्याला खरी गोळी मिळत आहे की साधी, हे रुग्णाला नसले तरी त्याच्या बायकोला समजत असावे, असा आमचा एक अनुदार तर्क आहे. २०१४ साली निकाल लागला: हृदयमृत्यू, झटका अथवा पक्षाघात औषधाच्या गटात ९.७ टक्के, दुसऱ्या गटात १०.४ टक्के. फरक योगायोगाच्या मर्यादेत पडतो, असे संख्याशास्त्राने सांगितले. तेरा हजारांच्या दुसऱ्या चाचणीतही तेच घडले. पुढे चीनमधल्या एका प्रचंड पाहणीत असेही दिसले, की ज्या माणसांत हे विकर जन्मतःच निकामी असते त्यांनाही हृदयविकार काही कमी होत नाही. निसर्गाने चाचणी आधीच करून ठेवली होती. वाचणारा उशिरा आला.

असे का होते? एक कारण अमेरिकन हृदयतज्ज्ञ ग्रेग स्टोन यांच्या २०११ च्या पाहणीत आहे. त्यांनी झटका येऊन गेलेल्या ६९७ जणांच्या हृदयाच्या तिन्ही रोहिण्या ध्वनिलहरींनी पाहून पातळ सायीच्या ५९५ विलेप्या टिपून ठेवल्या आणि सुमारे साडेतीन वर्षे वाट पाहिली. त्यांतल्या पुढे उपद्रव देणाऱ्या निघाल्या फक्त २६. पातळ सायी पुष्कळ असतात, त्या फाटतातही आणि गुपचूप सांधल्याही जातात. शिवाय काही झटके साय न फाटता, वरचे अस्तर नुसते खरवडले जाऊनच येतात. तेव्हा एका जागेची साय जाड झाली की माणूस वाचला, हे समीकरण मोहक आहे पण सरळ नाही. तरीही मुखत्यारपत्र सदैव बनावटच असते असे नाही. जपानमध्ये सत्तर रुग्णांत अॅटोर्व्हास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची मात्रा व ५ ची मात्रा ताडून पाहिली, तेव्हा बारा महिन्यांत मोठ्या मात्रेच्या गटात साय ६९ टक्क्यांनी जाड झाली आणि लहान मात्रेत १७ टक्क्यांनी. येथे सायीची साक्ष आणि माणसांच्या जिवाची साक्ष एकमेकींशी जुळते. पण ती जुळते हे आपल्याला समजले ते हजारो माणसांच्या चाचण्या आधी होऊन गेल्यामुळे.

या साऱ्या गोंधळात एक औषध आपल्या परसातले आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले उलटी फुलवीत चढणारी कळलावी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते, आणि जुन्या सुइणी प्रसववेदना सुरू करण्यासाठी तिचा कंद वापरीत असल्याने तिला ते नाव पडले. (वाचकाने कृपया कुंपणाकडे धाव घेऊ नये, या कंदाने माणसे मेली आहेत.) संधिवाताच्या एका प्रकारावर फार काळापासून चालत आलेले हे द्रव्य दाहपेशींची धावाधाव थांबविते, म्हणून ऑस्ट्रेलियात मार्क निडॉर्फ यांनी ५३२ हृदयरुग्णांत दिवसाला अर्धा मिलिग्रॅम देऊन पाहिले. २०१३ साली निकाल आला: औषध घेणाऱ्यांत घटना ५.३ टक्के, न घेणाऱ्यांत १६. साध्या गोळीची तुलना नव्हती, म्हणून शंका घेतली गेली आणि ती योग्यच होती. २०२० मध्ये ५,५२२ जणांत साध्या गोळीशी तुलना करता घट ३१ टक्क्यांवर आली. तीही थोडी नव्हे, आणि २०२३ मध्ये अमेरिकी औषध खात्याने मंजुरी दिली. २०२४ मध्ये ताजा झटका आलेल्या सात हजारांवर रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत लाभ दिसला नाही. चाचणी जसजशी मोठी होत गेली तसतसा आकडा आक्रसत गेला.

मामलेदारसाहेबांना हे सारे आम्ही थोडे थोडे करून सांगितले आहे. स्टॅटिनची गोळी ते रात्री साडेनवाच्या ठोक्याला घेतात व कॅलेंडरवर फुली मारतात. मागच्या तपासणीला त्यांनी टक्क्यांची विचारपूस केली नाही. आपली साय सध्या किती मायक्रॉनची आहे, असे विचारले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ते मोजायला पुन्हा मनगटातून तार घालून आत जावे लागेल, आणि आकडा काहीही निघाला तरी गोळी हीच राहील." यावर साहेब क्षणभर विचारात पडले, मग फाइल पिशवीत घातली आणि पुढची तारीख मागून घेतली.